राखण
राखण : शेत, खळे, गुरे, घर, रान किंवा गाव यांस चोर, वन्य पशू वा अन्य संकटे यांपासून अपाय होऊ नये, म्हणून जागे राहून सतत लक्ष ठेवण्याची क्रिया व त्या क्रियेसाठी केलेली व्यवस्था. संस्कृत ‘रक्ष्’ या धातूचे प्राकृतात ‘रक्ख’ असे रूप झाले व त्यावरून मराठीत ‘राखणे’ हे क्रियापद आले. राखणारा तो राखणदार; दुसऱ्याची गुरे सांभाळण्याचे काम व त्याबद्दल मिळणारी मजुरी म्हणजे राखोळी; बहिणीने भावाच्या मनगटास बांधावयाची ती राखी; आणि सरकारने स्वतःकडे ठेवलेले वन ते राखीव वन. जळलेल्या लाकडाच्या भुकटीला ‘राख’ म्हणतात, तो शब्दही ‘रक्षा’ या संस्कृत शब्दावरूनच आला आहे. भस्म अंगास लावल्याने रक्षण होते, ही समजूत त्यामागे दिसते.

राखण या शब्दाच्या शेजारी मराठीत आणखी काही शब्द नांदतात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा सारख्या नाहीत. ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ यावरून आला असून त्यात वेळेची वाटणी अभिप्रेत आहे. एकाचा प्रहर संपला, की दुसरा उभा राहतो. ‘गस्त’ हा फार्सी शब्द फिरण्याशी निगडित आहे. ‘जागल’ म्हणजे रात्रभर जागून केलेली राखण. ‘पाळत’ मात्र वेगळी. राखण ही ज्याची करावयाची त्याच्या हितासाठी असते, तर पाळत संशयामुळे ठेवली जाते. दोहोंत डोळे तेच असतात, हेतू बदललेला असतो. इंग्रजीतील जागरूकतेचे अनेक शब्द मराठीत आणताना हा भेद पुष्कळदा नजरेआड होतो. मराठी वाक्प्रचारात उत्तम राखणदार ‘डोळ्यांत तेल घालून’ बसतो. डोळ्यास दिव्याची उपमा देणाऱ्या या वाक्प्रचारात एक व्यावहारिक जाणीव आहे : दिव्याला तेल लागते, तसे जागण्यालाही काही पुरवावे लागते.

आर्गसची कथा : इंग्रजीत अतिशय सावध व सर्वत्र नजर ठेवणाऱ्या माणसास ‘आर्गस’ असे म्हणतात व त्यावरून ‘आर्गस-आइड’ (आर्गसच्या डोळ्यांचा) हे विशेषण रूढ झाले आहे. हा शब्द ग्रीक पुराणकथेतून आला. आर्गस हा अनेक डोळ्यांचा एक महाकाय पुरुष होता. त्यास ‘पॅनॉप्टीझ’ म्हणजे सर्वद्रष्टा असे उपपद होते. देवराज झ्यूस याचे आयो नावाच्या युवतीवर प्रेम जडले. पत्नी हीरा हिच्यापासून ते लपविण्यासाठी त्याने आयोला शुभ्र कालवडीचे रूप दिले. हीराला संशय आला व तिने ती कालवड भेट म्हणून मागून घेतली आणि तिच्या राखणीस आर्गसला बसविले. दिवसा तो तिला चरू देई, रात्री गळ्यात दावे बांधून ठेवी. त्याचे डोळे किती होते, याविषयी प्राचीन ग्रंथकारांत एकवाक्यता नाही. एका जुन्या काव्यातील अवशिष्ट ओळींत ते चार आहेत, एस्किलसच्या नावावर असलेल्या प्रमीथ्यूसविषयक शोकांतिकेत ते असंख्य आहेत, रोमन कवी ऑव्हिड (इ. स. पू. ४३–इ. स. सु. १७) याने मेटॅमॉर्फसिस  या काव्यात ते शंभर केले आणि पुढे हीच संख्या सर्वमान्य झाली. या शंभरांपैकी एका वेळी दोन डोळे विश्रांती घेत व बाकीचे जागे राहत.

पुढचा भाग अधिक बोधक आहे. आयोची सुटका करण्यासाठी झ्यूसने हर्मीझ या देवास पाठविले. हर्मीझ मेंढपाळाच्या वेशात आला, आर्गसच्या शेजारी बसला आणि पावा वाजवू लागला. आर्गसला सोबत हवीच होती. त्यानेच त्यास बसावयास सांगितले होते. पावा कसा निर्माण झाला, ही गोष्ट हर्मीझने सांगावयास घेतली. गोष्ट पुरी होण्यापूर्वीच शंभरही डोळे मिटले व हर्मीझने त्याचा शिरच्छेद केला. हीराने ते डोळे आपल्या आवडत्या मोराच्या पिसाऱ्यावर बसविले. मलायातील एका मोठ्या रानकोंबड्याच्या जातीतील पक्ष्याच्या पिसांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. त्यास ‘आर्गस’ हेच नाव लिनीअसने १७६६ मध्ये दिले. काही फुलपाखरांनाही ते मिळाले आहे, तसेच ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथील वृत्तपत्रांनाही. इंग्लंडमध्ये चॉसर (सु. १३४३–१४००) याच्या काव्यात शंभर डोळ्यांच्या आर्गसचा उल्लेख येतो, तो मत्सरी नवऱ्याच्या संदर्भात : एवढे डोळे असूनही बायकोवर नजर ठेवणे अशक्य, असा त्याचा विनोद आहे. तेव्हा जागरूकतेचे प्रतीक म्हणून जगभर गेलेले हे नाव मुळात एका फसलेल्या राखणीचे आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जेरेमी बेंथॅम याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदर्श तुरुंगाच्या आराखड्याचे ‘पॅनॉप्टिकॉन’ हे नाव आर्गसच्या उपपदाशी समूळ आहे. मध्यावरील मनोऱ्यातून सर्व कोठड्या दिसाव्यात, परंतु पाहणारा कैद्यांना दिसू नये, अशी ती योजना होती.

भारतीय परंपरेतील बहुनेत्र : पिसाऱ्यावरील डोळ्यांची कथा भारतातही आहे. रामायणा च्या उत्तरकांडात मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला असता देव भयाने पशुपक्ष्यांची रूपे घेतात. इंद्र मोर होतो. संकट टळल्यावर तो मोरास वर देतो, की माझे सहस्र नेत्र तुझ्या पिसाऱ्यावर उमटतील व तुला सर्पांचे भय राहणार नाही. इंद्राला सहस्र नेत्र कोठून आले, याच्याही निरनिराळ्या कथा आहेत. अहल्येच्या कथेत गौतमाच्या शापाने अंगावर उठलेल्या खुणांचे पुढे डोळे होतात. महाभारता त तिलोत्तमा प्रदक्षिणा घालीत असता तिला सर्व बाजूंनी पाहता यावे म्हणून इंद्राच्या अंगावर डोळे फुटतात. या दोन्ही कथांत डोळ्यांचा उगम राखणीत नसून लालसेत आहे. खऱ्या अर्थाने राखणदार देव म्हणजे वैदिक वरुण. त्याचे ‘स्पश’ म्हणजे हेर सर्वत्र बसलेले असून अथर्ववेदा त त्यांना सहस्राक्ष म्हटले आहे. राजा हेरांच्या डोळ्यांनी पाहतो, हा नीतिग्रंथांतील विचार याच परंपरेतला होय.

महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्था : जुन्या मराठी गावात राखण हे वतनाचे काम होते. वेशीवर व शिवेवर महार वेसकर असे. पुणे-सातारा भागात रात्रीची राखण रामोशांकडे, तर खानदेशात जागल्यांकडे असे. चोरी झाल्यास राखणदाराने चोराचा माग काढावा, माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवावा, अन्यथा नुकसान भरून द्यावे, असा अनेक ठिकाणी दंडक होता. किल्ल्यांच्या पायथ्याची मेटे महादेव कोळी, रामोशी, महार इ. जमातींनी राखली. इंग्रजी अंमलात हे हक्क गेले. पुरंदरच्या राखणीचा वारसा असलेल्या घराण्यातील उमाजी नाईक (१७९१–१८३२) यांच्या बंडामागे हा असंतोष होता. पुढे गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यामुळे राखणीवर जगणाऱ्या काही समाजांवरच पाळत बसली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महारकी आदी कनिष्ठ ग्रामवतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या अधिनियमाने संपली व १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद निश्चित झाले. कोकणात व गोव्यात मनुष्य राखणदाराच्या जोडीला अदृश्य राखणदार असतो. रात्री तो हातात काठी घेऊन शीव फिरतो, असे मानतात व त्यास ठरावीक दिवशी नैवेद्य देतात. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण व ‘कुंपणच शेत खाते’ ही तिची काळी बाजू दोन्ही या व्यवस्थेतूनच आलेल्या आहेत. राखणदाराचा वाटा पहिलीत न्याय्य मानला आहे. त्याची हाव कोठे पोहोचते, ते दुसरीत सांगितले आहे.

जव्हार-मोखाड्यातील राखण : पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४, तत्पूर्वी ठाणे जिल्हा) पूर्वेकडील जव्हार व मोखाडा हे दोन तालुके सह्याद्रीच्या उतारावर वसले आहेत. जव्हार ही मुकणे घराण्याच्या कोळी संस्थानाची राजधानी होती. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात असून शहापूर तालुक्याचा पेटा होता. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने बैलाच्या कातड्याने वेढली जाईल एवढीच जमीन मागितली व कातड्याच्या बारीक वाद्या करून मोठा प्रदेश वेढून घेतला, अशी आख्यायिका आहे. कार्थेजच्या डायडो राणीविषयी हीच कथा सांगतात. भूमध्य समुद्राकाठच्या कथांची आठवण व्हावी, असे या डोंगरात हे एकच स्थळ नाही, हे पुढे दिसून येईल.

वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर व कातकरी या आदिवासी जमातींची येथे बहुसंख्या आहे. खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिके होतात. पाऊस भरपूर पडत असला, तरी तो चार महिन्यांत वाहून जातो आणि बहुतेक शेतात एकच पीक निघते. एका हंगामावर वर्ष काढावयाचे असल्याने त्या हंगामाची राखण हा येथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. पीक पोटरीत आल्यापासून खळ्यावरचे धान्य घरात येईपर्यंत रानडुकरे, वानरे, पोपट व अन्य पक्षी यांच्यापासून ते वाचवावे लागते. शेतात चार मेढी रोवून त्यांवर कामट्यांचा माळा बांधतात, वर गवताचे वा पानांचे छप्पर घालतात. दिवसा पोरे व म्हातारी माणसे गोफण घेऊन बसतात. रात्री कर्ता पुरुष माळ्यावर जातो. खाली शेकोटी असते, हाताशी पिटावयाचा पत्र्याचा डबा असतो. एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर हाळी दिली जाते. ती डुकरांसाठी असते, तशीच शेजाऱ्यासाठीही असते. उत्तर आले नाही, तर तो झोपला, असे समजते. आर्गसचे शंभर डोळे एकाच देहात होते व एकाच झोपेने मिटले. येथे डोळे दोन-दोन असून ते डोंगरभर विखुरलेले असतात. एकाच वेळी सर्व माळ्यांवर झोप येणे कठीण, असा या व्यवस्थेचा हिशेब आहे.

याच दिवसांत, नवे धान्य आल्यावर, तारपा वाजू लागतो. वाळलेला दुध्या भोपळा व बांबूच्या नळ्या यांपासून केलेले हे फुंकवाद्य वारली जमातीची ओळखच होय. वादकाभोवती हातात हात गुंफून रात्रभर नाच चालतो. हर्मीझच्या पाव्याने राखणदार झोपला. तारप्याने सारा पाडा जागा राहतो. ही तुलना अर्थात गमतीची आहे. दोन्ही वाद्यांचा परस्परांशी संबंध नाही.

वाघदेव : या भागातील सर्वांत मोठा राखणदार म्हणजे वाघदेव किंवा वाघोबा. गावाच्या शिवेवर, रानाच्या तोंडाशी किंवा पाऊलवाटेच्या कडेला झाडाखाली त्याचे स्थान असते. देऊळ क्वचित असते; लाकडाची उभी फळी वा दगडी शिळा कोरून तीवर वाघाची आकृती, वर सूर्य व चंद्र आणि पुष्कळदा नागही काढलेला असतो. त्यास शेंदूर फासतात. लाकडी फळी उन्हापावसात जीर्ण झाली, की नवी करून बसवितात; जुनी फळी तेथेच शेजारी टेकवून ठेवलेली आढळते. सूर्यचंद्राचे अंकन मराठी मुलखातील वीरगळांवर व दानलेखांच्या शिळांवरही येते. तेथे त्याचा अर्थ ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असा, म्हणजे ते असेपर्यंत हा करार टिकेल असा आहे. वाघदेवाच्या फळीकडेही करारपत्र म्हणून पाहता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सूर्य दिवसाचा व चंद्र रात्रीचा साक्षी, आणि वाघ हा दुसरा पक्षकार.

करार असा : गावाने वर्षातून एकदा वाघदेवाची पूजा करावी, त्यास नारळ, कोंबडा वा बोकड द्यावा, वाघाने गुरांना व माणसांना त्रास देऊ नये आणि रानात गेलेल्यांची राखण करावी. पूजेचा मुख्य दिवस आश्विन वद्य द्वादशी हा होय. या दिवसास डोंगरात ‘वाघबारस’ म्हणतात. उर्वरित महाराष्ट्रात हीच तिथी ‘वसुबारस’ म्हणून पाळली जाते व त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते. एकाच दिवशी घाटावर गाय पुजली जाते आणि तिच्यावर झडप घालणारा वाघ डोंगरात पुजला जातो, हा योगायोग दिसत असला, तरी दोन्हींचे प्रयोजन एकच आहे, ते म्हणजे गोधनाची सुखरूपता. गवळवाड्यात ती गायीकडे मागतात. रानाच्या कडेला राहणाऱ्यांना ती वाघाकडेच मागावी लागते. वाघबारसेचे यजमानपण पुष्कळ ठिकाणी गुराख्यांकडे असते, आणि ते योग्यच होय. वर्षभर वाघाशी गाठ त्यांचीच पडते. गुरे मालकांकडून गोळा केलेल्या शिध्याचा स्वयंपाक स्थानाजवळच होतो. पूजा भगत सांगतो.

ज्याच्यापासून राखावयाचे त्यालाच राखणदार नेमावयाचे, ही कल्पना आर्गसच्या कथेत नाही. आर्गसला आयोशी वैर नव्हते, तसा तिच्याविषयी जिव्हाळाही नव्हता. तो हुकमाचा चाकर होता. वाघदेव हा चाकर नाही. तो आपला वाटा घेतो आणि वाटा चुकला, तर रागावतो. वाघाने गोठ्यातील बोकड नेला, तर पुष्कळदा त्याचा दोष वाघावर न ठेवता गावाने पूजेत काय कमी केले, याची चौकशी प्रथम होते. ही अंधश्रद्धा आहे, असे म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो, की एका नुकसानीपोटी जनावराचा सूड घेण्याची वृत्ती आवरली जाते. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या स्थानांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दीडशे स्थानांची नोंद आहे आणि माणूस व बिबट्या यांच्या सहवासात या श्रद्धेचा वाटा असल्याचा निष्कर्ष आहे. तरीही श्रद्धेने सर्व भागते, असे मानणे चूक ठरेल. स्थानिक बोलीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेदार वाघ व बिबट्या या दोहोंसाठी वापरतात. पट्टेदार वाघ या डोंगरातून गेला, बिबट्या राहिला. देव मात्र नावाने व रूपाने पूर्वीचाच आहे.

वारली चित्रांत वाघदेव वारंवार येतो. पिकाची देवता कणसरी, पावसाचा नारनदेव, हिरवा, हिमाई ही इतर दैवते. कणसरीची राखण व वाघदेवाची राखण यांत एक भेद आहे : कणसरी ही स्वतःच राखावयाची वस्तू आहे. ती रुसून जाऊ नये म्हणून खळ्यावर धान्याच्या राशीपाशी सांडलवंड होऊ देत नाहीत.

राखीव वन : इंग्रजी राजवटीत राखणीचा एक नवा प्रकार या डोंगरात आला. १८७८ च्या वन अधिनियमाने सरकारला वने राखीव करण्याचा अधिकार दिला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याचा सर्वांत मोठा जाच राबासंबंधी झाला. भाताची व नागलीची रोपे तयार करण्यासाठी झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्यास राब म्हणतात. त्यामुळे तण व किडीची अंडी नष्ट होतात, जमीन भुसभुशीत होते व राखेचे खत मिळते. फांद्या छाटण्यावर निर्बंध आले, की राब अडतो आणि राब अडला, की भात अडते. वनखात्याच्या दृष्टीने ही रानाची नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शेतीचे पहिले काम होते. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढेही रानाची मालकी व राखण सरकारकडेच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या रान राखणारा मनुष्य कागदोपत्री अतिक्रमण करणारा ठरला. राखण व पाळत यांतील जो भेद वर सांगितला, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने ही स्थिती काही अंशी पालटली. कसत असलेल्या वनजमिनीवरील वैयक्तिक हक्कांबरोबरच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. म्हणजे राखण हे कर्तव्य जसे होते, तसे ते आता हक्क म्हणूनही मान्य झाले. जव्हार-मोखाड्यातील गावांनी असे दावे केले आहेत. ज्यांना हक्कपत्रे मिळाली, तेथेही नकाशावरील हद्द व प्रत्यक्षातील शीव जुळविण्याचे काम किचकट असते.

बालकांची राखण : राखणीचा विचार या दोन तालुक्यांपुरता करावयाचा, तर एक विषय टाळता येत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी सबंध महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत ही घटना घडली होती. त्यानंतर १९९५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. पावसाळ्यापूर्वी धान्याचा साठा, वैद्यकीय पथके, पोषण आहार व रोजगार यांची सांगड तीत घातलेली आहे. दूरध्वनी नसलेल्या, पावसाळ्यात नदीनाल्यांनी तुटणाऱ्या पाड्यांत संकट कळावयाचे कसे, हा यामागील पहिला प्रश्न होता.

कुपोषणाची राखण कठीण का, हे समजून घेण्यासारखे आहे. रानडुक्कर एका रात्रीत शेत उद्ध्वस्त करते व ते सकाळी दिसते. मूल मात्र दिवसादिवसाने वाळते. आईची नजर त्याच्यावर अष्टौप्रहर असते. परंतु रोज पाहणाऱ्याला रोजचा फरक जाणवत नाही. शेजारची मुलेही तशीच असली, तर ते वाळलेपण नेहमीचेच वाटते. म्हणून येथे डोळ्यांपेक्षा तराजू व फीत अधिक विश्वसनीय ठरतात. अंगणवाडीत दरमहा वजन घेतात, उंची मोजतात व सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंडाचा घेर फितीने पाहतात. घेर ११·५ सेंमी. पेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. ११·५ ते १२·५ सेंमी. दरम्यान ते मध्यम स्वरूपाचे होय. नुसत्या डोळ्यांना बरे दिसणारे मूल या फितीत लाल पट्ट्यावर येऊ शकते. तीव्र कुपोषित बालकांना ग्राम बालविकास केंद्रात विशेष आहार देतात. सोबत आजार असल्यास जव्हार येथे वा अन्यत्र रुग्णालयात पाठवितात. २०२१ पासून या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनीवरील प्रणालीत भरल्या जातात. नोंद करणाऱ्या अंगणवाडी सेविका बहुधा त्याच गावच्या असतात. वजनाच्या आकड्यांचा जाब वरून विचारला जाऊ लागला, की राखणीची पाळत होण्याचा धोका येथेही असतो : मूल वाचविण्यापेक्षा तक्ता सांभाळण्याकडे लक्ष जाते. दोष एकट्या सेविकेचा नसतो.

वर्षातील दोन काळ या राखणीला अवघड जातात. पहिला आषाढ-श्रावणाचा. जुने धान्य संपलेले, नवे यावयाचे, आई लावणीत गुंतलेली, पाणी गढूळ आणि हगवण व ताप यांची साथ, अशा वेळी मुलांची वजने घसरतात. कोवळ्या रानभाज्या व कंद यांवर पुष्कळ घरे हे दिवस काढतात. त्यांचे पोषणमूल्य चांगले असले, तरी भाकरीची जागा त्या भरून काढू शकत नाहीत. दुसरा काळ दिवाळीनंतरचा. वरई-नागली खळ्यावरून घरात आली, वाघबारस झाली, की शेतातील माळे रिकामे होतात. एकच पीक व हाताला दुसरे काम नाही, म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर व बांधकामांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुले आईबरोबर जातात. गावच्या अंगणवाडीच्या पटावर मुलाचे नाव राहते, मूल मात्र नसते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत मूल असते, नाव नसते. अशा मुलांना कामाच्या ठिकाणीच आहार व लसीकरण मिळावे, असे शासकीय आदेश आहेत. ते कितपत साध्य होते, हे स्थलांतराची नोंद किती लवकर एका प्रकल्पाकडून दुसऱ्या प्रकल्पाकडे पोहोचते, यावर अवलंबून असते. भट्टी मालकाने उचल दिलेल्या कुटुंबाचा ठावठिकाणा हंगामात दोनदाही बदलतो. रोजगार हमीची कामे गावातच व वेळेवर निघाली, मजुरी न रखडता मिळाली, तर पुष्कळ घरे जात नाहीत, असा या भागात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे.

बाहेर न गेलेल्या वृद्धांकडे या सात-आठ महिन्यांत घराची, कोंबड्यांची, उरलेल्या गुरांची व शाळेत जाणाऱ्या नातवंडांची राखण असते.